अर्ध्या डॉलरचा बापूस

खंडू डोर्लेकराला राग यायला कारण लागत नाही, असं पूर्णगडात सगळे म्हणतात. मी त्याच्या शेजारचा विनोद. शाळेत त्याच्या बाकावर बसलो, एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालो आणि पुन्हा त्याच्याच कुंपणाला लागून राहायला आलो. तेव्हा मी सांगतो, कारण होतं. ते त्याच्या घरातल्या देव्हाऱ्यात बसलं होतं आणि आम्ही सगळे सणावाराला त्याच्या पाया पडत होतो.

खंडू जाळी शिवतो. तरुणपणी मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर खलाशी होता. पाठ धरली तेव्हापासून खाडीच्या कडेला माडाखाली बसून लोकांची फाटलेली जाळी दुरुस्त करतो. शिवताना सारखा बोलतो, आणि बोलतो ते भांडणच असतं. डिझेलशी, रात्रीचे दिवे लावून मासे पळवणाऱ्या बोटींशी, हल्लीच्या नायलॉनशी, आणि समोर कुणी नसेल तर माझ्याशी.

त्याचा बापूस रावजी हा परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी. दीड-दोन वर्षांनी घरी यायचा, महिनाभर राहायचा की परत. त्याच्या शेवटच्या खेपेला आम्ही चौथीत होतो. त्या खेपेला त्यानं बायकोच्या, म्हणजे आमच्या चिमाकाकीच्या हातात फडक्यात बांधलेलं एक जाड चांदीचं नाणं दिलं, जपून ठेव म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी बातमी आली. जहाजावर ताप आला, त्यातच संपला, आणि तिकडंच कुठंतरी त्याला समुद्रात सोडला. घरी आली ती नुसती पेटी. तिच्यात कपडे आणि साबणाच्या वड्या होत्या. कागदपत्रं कंपनीनं ठेवून घेतली. घरात रावजीचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोग्राफर आणायची ऐपत तेव्हा आमच्या वाडीत कुणाची नव्हती.

आमच्याकडं घरचं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवलेली मूर्ती असते ती. देव्हाऱ्यात पूर्वजांच्या रांगेत बसवायची, सणाला धुवायची, गंध लावायचं, पितृपक्षात तिच्यापुढं पान वाढायचं. चांदी शक्यतो गेलेल्याच्या कमाईतली असावी. म्हणून चिमाकाकीनं ती फडक्याची गाठ न सोडता तशीच आपल्या दिराला, आप्पाला दिली, आणि हे वितळवून टाक करून आण म्हणून सांगितलं. आप्पा रत्नागिरीला कुणा सोनाराकडं गेला आणि चार दिवसांनी लाल कापडात गुंडाळलेला टाक घेऊन आला.

तो टाक वेगळा होता. बाकी सगळ्या घरांतल्या टाकांवर माणूस एकच असतो, मुंडासं आणि मिशीवाला, आणि जो नाव घेईल त्याचा तो होतो. रावजीच्या टाकावर मात्र खरा माणूस होता. एका बाजूनं दिसणारा चेहरा, सरळ नाक, भरघोस केस मागं बसवलेले. चिमाकाकीला त्याचा केवढा तोरा! "आमच्या टाकात माणूस दिसतो," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. खंडू विचारायचा, आये, बापूस कसा दिसायचा गो? ती म्हणायची, टाकात बग ना, अगदी तसाच.

खंडूनं बघितलं. आम्ही बघतो तसं नाही, त्यानं रोज बघितलं. सातवीत असताना तो डोक्याला पाणी लावून केस मागं बसवायला लागला. मास्तरांनी टोकलं, पोरांनी चिडवलं, त्यानं मारामाऱ्या केल्या पण भांग बदलला नाही. वाडीतल्या बायका त्याला म्हणायच्या, नाक अगदी बापासारखं हो तुझं. रावजी जाऊन काळ लोटला होता. नाक त्या टाकातलंच बघून म्हणत होत्या, हे आता कळतं. पण पोरगं खूश व्हायचं. खंडूला खूश झालेला मी एवढ्याच एका गोष्टीवर पाहिला आहे.

मागच्या शिमग्याला त्याचा भाचा निहार सुट्टीवर आला. निहार मोठ्या प्रवासी जहाजावर लाँड्रीत काम करतो, फ्लोरिडाहून निघणाऱ्या. पालखी घरोघरी फिरून गेली होती, दुपारची वेळ, आम्ही सगळे खंडूच्या पडवीत. निहारनं टॉवेल पसरला आणि त्यावर नाणी मांडली. हे असलं कौतुक दाखवायची त्याला भारी हौस.

"हा एक सेंट. ह्याच्यावर लिंकन. ह्याचं तोंड उजवीकडं, बाकीचे बहुतेक डावीकडं बघतात. हा पाच सेंटवाला जेफरसन, हा पण आधी डावीकडं बघायचा, आता समोर बघतो. हा दहा सेंटचा रूझवेल्ट. हा पंचवीसचा वॉशिंग्टन, त्यांचा पहिला अध्यक्ष. एक डॉलरच्या नोटेवर पण हाच."

"सगळे वेगळे वेगळे?" खंडूची बायको मनिषा म्हणाली. "आपल्याकडं बरं हाय. दहाची असूदे नायतर पाचशेची, गांधीजीच."

निहारनं पाकिटातून शंभराची नोट काढून फ्रँकलिन दाखवला. हा कधी अध्यक्ष झालाच नाही, तरी मोठ्या नोटेवर हाच, म्हणाला. "आणि मामी, जिवंत माणसाचं तोंड नोटेवर घालायचं नाय असा कायदा हाय तिकडं. मेल्यावरच नंबर लागतो."

"म्हंजे टाकच की रे!" चिमाकाकी आतून म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

मग निहारनं शेवटचं नाणं काढलं, बाकीच्यांपेक्षा मोठं. "हा अर्धा डॉलर. बाजारात हा कुणी वापरत नाय. आमच्या जहाजावर कॅसिनोत असतो, म्हणून मिळाला. हा केनेडी. ह्याला गोळी घालून मारला, आणि वर्षाच्या आत नाण्यावर आणला."

खंडूनं ते हातात घेतलं. बघता बघता त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हा उठून नाचतो. "हा माजा बापूस," तो म्हणाला. निहार हसायला लागला. खंडू त्याच्यावर खेकसला, "दात काय काढतोस? आजा हाय तुजा! तिकडच्या लोकांनी त्याला नाण्यावर घातलान आणि आमाला सांगितला पण नाय!"

खरंच असं म्हणाला तो. क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपल्या बापाचं परदेशात काहीतरी मोठं नाव झालं असणार. मग आंघोळ नाही, काही नाही, तसाच देवघरात घुसला. मनिषा ओरडत राहिली आणि हा टाक घेऊन बाहेर आला. टॉवेलवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. केस तेच, नाक तेच, मान तिथंच तुटलेली. लहानपणी खंडूनं विचारलंही होतं, बापसाची मान अशी कापलेली का? तेव्हा चिमाकाकीनं सांगितलं होतं, टाकात तेवढंच बसतं. निहारनं अंगठ्यानं मानेखालचं जुनं गंध खरवडलं. सोनारानं कानस मारून अक्षरं घालवली होती, पण तळाशी सालाच्या आकड्यातला इंग्रजी चार अजून दिसत होता.

झालं होतं ते इतकंच. सोनारानं वितळवायचे कष्ट घेतले नव्हते. चांदी आहे, तिच्यावर माणूस आहे, आणि पाहिजे तो चांदीवरचा माणूसच. त्यानं मागची बाजू घासली, पुढची अक्षरं घासली, कडी जोडली आणि दिला लाल कापडात बांधून. आप्पाला हे माहीत होतं की नव्हतं, ते विचारायला आप्पा आता नाही. मला तर वाटतं माहीत असणार. खंडूला तसं बोललो नाही, नाहीतर त्यानं आप्पाच्या टाकाशी भांडण काढलं असतं.

चिमाकाकी दारात येऊन उभी होती. तिनं दोन्हीकडं पाहिलं, "बरं," म्हणाली, टाक उचलला, धुतला आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवला.

अशी बातमी वाडीत दाबून राहते होय? दुसऱ्या दिवशी भावकी जमली. भावकीला एरवी खंडूच्या घराचं छप्पर उडालं तरी वेळ नसतो. एक म्हणाला, म्हणून तुझी पाठ गेली. दुसऱ्यानं मनिषाची गर्भपिशवी काढली तीही त्यातच घातली. पण खरं लागलं ते तिसऱ्याचं. "इतकी वर्सं तू वडे-भात घातलास तो कुणाला? गोऱ्याला! रावजी उपाशी ऱ्हायला ना."

खंडूचं तोंड पांढरं पडलं. त्याला टाक खोटा निघाल्याचं दुःख होतंच, पण बापूस उपाशी राहिला हे त्याच्या डोक्यातून जाईना. मी म्हटलं, अरे खुळ्या, पान रावजीच्या नावानं वाढलं ना? तर माझ्यावरच आला. "पत्ता चुकला तर पार्सल पोचतंय काय रे? तू एसटीतला मानूस, तुला म्हाईत हवं." भावकीनं सांगितलं, सर्वपित्रीच्या आत नवा टाक बसव, नाहीतर आम्ही तुझ्याकडं जेवायला येणार नाही.

नवा टाक करणं सोपं होतं. रत्नागिरीत सोनार गल्लीभर आहेत. आम्ही एकाकडं गेलो. त्यानं खण उघडून तयार टाक दाखवले, मुंडासं-मिशीवाले. खंडूनं ते ढकलून दिले. "मला माज्या बापसाचं तोंड पायजे. एकदा दुसऱ्याचं बसवलंय, आता हे सगळ्या गावाचं नको." सोनार शांत माणूस. म्हणाला, हरकत नाही, फोटो आणा, आता मशीन असतं, हुबेहूब कोरून देतो. आणि फोटो नसेल तर निदान वर्णन सांगा. मिशी होती का?

खंडू माझ्याकडं वळला. "विन्या, मिशी होती काय रे?"

आणि मला आठवेना! मी रावजीला पाहिला होता, चांगला पाहिला होता. पण मला आठवत होते त्याचे बूट. तपकिरी, टोकदार, वाळूतसुद्धा चकाकणारे. वर मान करून बघितलं असेल की नसेल, देव जाणे.

मग वाडीत सुरू झालं. मिशी होती का? वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना खंडूनं विचारलं. एकीला रावजीनं आणलेला रेडिओ आठवत होता, त्याच्या कातडी पिशवीसकट. एकाला टेरिलिनचा शर्टपीस, एकाला सेलची बॅटरी, तिचा झोत थेट पलीकडं गावखडीच्या बाजूला पडायचा म्हणे. धोंडूबाईला त्याच्या सिगारेटचा वास आठवत होता. रावजी घरी आला की अख्खी वाडी पडवीत जमायची आणि त्या सगळ्या गर्दीचे डोळे त्याच्या बॅगेवर असायचे. माणसाकडं एकानं बघितलं नव्हतं. मला ह्याची आजही चीड येते, आणि त्या गर्दीत मीही होतो.

चिमाकाकीला विचारलं तर ती एके दिवशी म्हणाली, "होती", एके दिवशी म्हणाली, "नव्हती". "कंदी ठेवायचे, कंदी काडायचे," असं तिसऱ्या दिवशी. खंडू चिडून उठून गेला.

जून-जुलैत मासेमारी बंद, जाळ्यांची कुणाला घाई नव्हती. खंडू मुंबईला गेला. कंपनीची जुनी इमारत सापडली, तिच्यात आता गालिच्यांचं दुकान आहे. खलाशांची नोंद असते त्या कचेरीत गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, इतकी जुनी कागदपत्रं केव्हाच काढून टाकली. खंडूनं विचारलं, काढून टाकली म्हणजे कुठं टाकली? तो माणूस म्हणाला, अहो काका, रद्दीत. ह्यावर खंडूनं जो आवाज लावला तो ऐकून शिपाई धावून आला. ही हकीकत मला खंडूनंच सांगितली, तीही जशी काही चूक शिपायाची असल्यासारखी.

पण तिथल्याच बाकड्यावर बसलेल्या एका पेन्शनवाल्या खलाशानं एक धागा दिला. त्या काळी त्या जहाजावर संगमेश्वरकडचा केरू म्हणून एक जण होता आणि तो अजून आहे. मग काय, माझी स्कूटर निघाली. भर पावसात, रेनकोट घालून, हायवेच्या त्या कधीही न संपणाऱ्या कामातून, चिखल खात. सोनवी नदीच्या बाजूला एका वाडीत केरूबाबा सापडले. भाताची शेती, लेक-सून, आणि ते स्वतः खाटेवर, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. रावजीचं नाव काढलं तर चेहरा फुलला. "रावजी! पूर्णगडचा! मासळीचं सार काय करायचा!" खंडूनं माझा दंड असा दाबला की दुखायला लागला. आणि पुढचं ऐका. केरूबाबांकडं फोटो होता. डेकवर दोन रांगांत उभे-बसलेले खलाशी, काळा-पांढरा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण तोंडं शाबूत.

केरूबाबांनी बोट ठेवलं. मागच्या रांगेतला, उंच, मिशीवाला. "ह्यो रावजी."

खंडू फोटोवर ओणवा झाला. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. सुनेनं चहा आणला. चहा पिता पिता केरूबाबांनी पुन्हा फोटो घेतला आणि म्हणाले, "रावजी ह्यो बग, कसा ऐटीत बसलाय." बोट पुढच्या रांगेत, गुडघ्यावर बसलेल्या, सफाचट चेहऱ्याच्या माणसावर.

"बाबा, मगाशी तुमी मागचा दाकवलात," खंडू म्हणाला.

"मागचा? तो..." केरूबाबांनी चष्मा पुसला. "तो पण असंल."

"दोन कसे असतील?"

"मग तो गोव्याचा. नायतर ह्यो गोव्याचा." आणि ते पुन्हा सारावर आले, कोकम किती घालायचा, तिरफळ कसं ठेचायचा. सार पक्कं आठवत होतं. खंडूनं तीन वेळा विचारलं, तीन वेळा बोट फिरलं. सून बिचारी आम्हालाच समजावायला लागली. परतीच्या वाटेवर खंडू माझ्या पाठीमागं बसून अख्खा रस्ता शिव्या देत होता. केरूला, कंपनीला, आप्पाला, त्या सोनाराला. शेवटी पावस गावाजवळ आल्यावर शिव्या थांबवून म्हणाला, "विन्या, बापूस माणसानं एक फोटो काडून ठेवू नये? रेडिओ आणला त्यानं. रेडिओ कुणी मागितलावता?"

दोघांतला कोण? आम्ही मोबाइलवर बोटांनी मोठं करून करून पाहिलं. मिशीवाल्याचा कान खंडूसारखा वाटायचा, मग सफाचटवाल्याचाही वाटायचा. मी म्हटलं, ह्यात एवढं काय, काकीला विचार, बायको नवऱ्याला ओळखणार नाही तर कोण? पण ह्याचं वेगळंच. आधी चांदी वितळवायची म्हणाला. करता करता सर्वपित्री दोन दिवसांवर आलेली, सोनाराला काम सुरू करायला नको का? आणि चांदी तीच, बापाच्या कमाईतली, ती बदलून चालणार नाही. "आणि ह्या वेळी माज्या डोळ्यांसमोर वितळवायची. एकदा फसलाव, परत नाय." चिमाकाकीला त्यानं सांगितलं, टाक उजळायला नेतो. ती भाकऱ्या थापत होती. "लवकर आण," एवढंच म्हणाली.

सोनारानं कडी कापली, टाक मुशीत ठेवला, चांदी नीट वितळावी म्हणून सवागी टाकली आणि गॅसची ज्योत धरली. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ काहीच होईना. लाल झाला, अजून लाल झाला, तरी तो माणूस आपला डावीकडं बघतच होता. मग एकदम केस गेले, नाक गेलं, आणि मुशीत एक थेंब डुलायला लागला. खंडूनं दात आवळले होते. मला वाटलं आता बरं वाटेल ह्याला. सोनारानं चांदी गार करून लगड हातात दिली आणि विचारलं, "हं, आता फोटोतला कोणता?" खंडू म्हणाला, आवस सांगेल. सोनार म्हणाला, मग विचारून या, एकदा कोरल्यावर पुन्हा बदलता येत नाही, लगड राहू द्या इथं. खंडूनं लगड रुमालात बांधली आणि खिशात घातली. सोनारावर विश्वास कसा ठेवायचा, म्हणे.

घरी आलो तेव्हा चिमाकाकी पडवीत सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. खंडूनं मोबाइल तिच्यापुढं धरला. "आये, चष्मा लाव. ह्यातला बापूस कोण, ते सांग. हा की हा?"

तिनं चष्मा लावला. हात सोड्यांचे होते म्हणून मोबाइलला लावले नाहीत. मिशीवाला पाहिला, सफाचट पाहिला. पुन्हा मिशीवाला. मी मनात म्हणत होतो, बोल गो बाई, एक काहीतरी बोल, हा म्हण नाहीतर हा म्हण, चुकलं तरी कुणाला कळणार आहे!

"मना नाय सांगता येत," ती म्हणाली.

"नाय सांगता येत म्हंजे? घोव तुजा!"

"घोव माजा, पण मी त्यांना बगितलं कंदी?" तिचा आवाज चढला नाही. "लगीन करून आले तवा मान वर करायची रीत नव्हती. सासू, दीर, समदी पडवीत. ते पडवीत, मी चुलीशी. वाढताना पानाकडं बगायचं. रातीला दिवा मालवलेला. आणि लाज मोडतेय मोडतेय तवर ते परत चालले. पाठ वळखीन मी त्यांची. धक्क्यावर जाताना दर येळी पाठ बगितली ना. ह्यात समदी तोंडं हायत."

खंडूचा मोबाइलचा हात खाली आला. मनिषा दारात येऊन उभी राहिली होती.

"मग टाकासारका, टाकासारका करून का सांगितलंस मला?" तो ओरडला. साठीला आलेला माणूस, पण ओरडला तो चौथीतल्या पोरासारखा. "मी तसे केस ठेवलेव! लोकांची डोकी फोडलीव त्या पायी!"

"तू रडत व्हतास. बापूस कसा दिसायचा, कसा दिसायचा. पोराला काय सांगू, मना पण नाय आठवत? आवशीनं असं सांगायचं? टाकात माणूस व्हता, म्हटलं हाच. तुला सांगता सांगता मग मलाच तो वाटायला लागला. सकाळी दिवा लावताना मी त्याच्याशीच बोलले, खंडू. तुजं लगीन त्यालाच सांगितलं. तू ट्रॉलरवर गेलास की त्यालाच सांगायची, पोराला आण परत. शिमग्याला तू म्हणालास हा दुसराच कुणी हाय. असूदे. मी ज्याला वळखते तो तोच." तिनं निवडलेले सोडे बाजूला केले आणि हात पदराला पुसले. "हा फोटू ने, तुज्या सोनाराला दाकव नायतर नको दाकवू. टाक कुटाय? उजळून झाला ना? दे हिकडं."

खंडू माझ्याकडं बघायला लागला. मी कुठं बघणार? मी रस्त्याकडं बघितलं. राग तर त्याच्या अंगात अजून होता, मला दिसत होता, पण आता तो टाकायला त्याला जागा उरली नव्हती. शेवटी त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि लगड तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. अंगठा फिरवला.

"ह्यात तो कुटाय?" तिनं विचारलं.

"आये, वितळवला," खंडू म्हणाला.

तिनं लगड सुपात सोड्यांच्या शेजारी ठेवली, खांबाला धरून उठली आणि मागच्या परसात गेली. आम्हाला वाटलं हात धुवायला गेली असेल. मग पाणी पडल्याचा आवाज आला. मनिषा आधी धावली, मागून आम्ही.

कुणी गेल्याची बातमी आली की आमच्याकडं बाया अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात. चिमाकाकी न्हाणीच्या दगडावर तशी बसली होती. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले. मनिषा म्हणाली, "आये, असं काय करताव, ताप येल!" खंडू दोन पावलांवर उभा राहून "आये, आये" करत होता. तिनं दोघांकडंही पाहिलं नाही. तांब्या पुन्हा घंगाळात बुडवला, भरला, आणि डोक्यावर ओतून घेतला.